कान

इंगवले सरांनी टेबलावर दोन फोटो मांडले, मध्ये भिंग.
"हा हिंदुराव साळोखे, गंगावेस तालमीचा,
बेचाळीस साली स्टुडिओत बसलेला.
डावा कान बघा. सरळ. पिंपळपानासारखा.
आणि हे पुढच्या वर्षी शिरोलीच्या पुलाखाली सापडलेलं प्रेत,
पोलिसांचा फोटो. कान मोडलेला, भज्यासारखा.
माणूस एक आणि डावे कान दोन? काय सांगताय राव!"

सर तीस वर्षं ह्या कानात राहतात.
त्यांच्या मते प्रेत दुसऱ्याच कुणाचं,
ओळख पटवणारा फौजदाराला मिळालेला,
आणि तारा तोडून पळालेला खरा हिंदुराव
आजऱ्याकडच्या एका मठात
एकोणनव्वदपर्यंत नाचण्याची भाकरी खात होता.
तिसरा फोटो त्या मठातल्या म्हाताऱ्याचा. माकडटोपीतला.
"कान दिसत नाहीत," मी म्हणालो.
"झाकलेत," सर म्हणाले, "का झाकलेत?"

माझे वडील पापाच्या तिकटीला
उत्तरेच्या खिडकीशी बसून काचा दुरुस्त करायचे.
निगेटिव्हवर सगळं उलटं असतं.
शिसाची रेघ ओढली की फोटोत उजेड पडतो,
सुरीनं खरवडलं की सावली.
देवीचे व्रण बुजवले, चार आणे.
चकणा डोळा, आठ आणे.
हडकुळ्या नवरदेवांना त्यांनी खांदे दिले,
आणि बायकांनी लग्नानंतर तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

वहीत त्यांच्या अक्षरात आहे:
साळोखे, हिंदुराव. कान सरळ. आठ आणे.
स्थळ मुरगूडचं. घाई.

वही दाखवली. काच दाखवली.
तिरपी धरली की कानापाशी
शिसं चकाकतं, मुंगीच्या वाटेएवढं.
सरांनी बराच वेळ बघितलं.
मग चष्मा पुसत म्हणाले,
"काच बदललेली दिसतीय."
"कुणी?"
ते माझ्याकडे बघत राहिले.
त्या रात्री मला झोप लागेना,
मीच कुणीतरी दुसरा असल्यासारखं.

शुक्रवार पेठेत हिंदुरावची बहीण आहे, आक्काताई.
नव्वदी उलटलेली, ऐकायला कमी.
भिंतीवर तोच फोटो, हार नसलेला.
मी ओरडून सांगितलं, कान... माझ्या वडिलांनी...
"ठाव हाय की," ती म्हणाली.
"मीच गेलते फोटो आणायला. दहा वर्साची.
आई म्हणली, मोडक्या कानाचा पैलवान बघून
पोरगी भिईल. आठ आणे पदरात बांधून दिलते."
"मग सरांना का नाही सांगितलं?"

तिनं सुपारी कातरली. अडकित्त्याचा आवाज झाला.
"मास्तर दर दिवाळीला येत्यात.
बसत्यात. च्या पित्यात.
दादाचं नाव एवढ्या मोठ्यानं
घेणारं दुसरं कोण हाय आता?"
मग हळूच, जणू भिंतीला कळू नये,
"नदीवर ओळखाय आबाच गेलते.
घरी आले आनि आठ दिस कुनाशी बोलले न्हाईत."

काच मी पुन्हा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली.
काल सरांचा फोन आला, दम लागलेला.
मठातला आणखी एक फोटो मिळालाय.
टोपी नसलेला.
ते पुढचं बोलायच्या आधी
मी विचारून बसलो,
"डावी बाजू दिसतीय का?"