गिंकोची फळी

फुमिएबाई जुनी फळी घेऊनच आल्या,
फडक्यात गुंडाळून, आजारी मांजर आणावं तशी.
मधोमध खळगा, माझी मूठ बसेल एवढा.

“रंधा मारून देतो,” म्हटलं.
“तीनदा मारलाय. आता उरलंय काय तिच्यात?”

हिनोकीला नाक लावलं, ठेवून दिली:
“टोफूला वास लागेल.”
मेपल उचलली. “हिच्यावर सुरी दमेल.”
गिंकोवर मात्र पेरानं वाजवलं, पुन्हा वाजवलं,
कड डोळ्याशी धरून पाहिली
आमच्या म्हाताऱ्या सुतारासारखी.

“सरळ आहे,” म्हणाल्या. जरा नाराजच.

खळग्यात सुरी पुरती टेकत नाही.
पातीचा कांदा कितीही बारीक चिरा,
चकत्या एकमेकींना धरून राहतात.
नवरा मिसोतून ती माळ काढायचा,
काड्यांवर उंच धरायचा,
“आजही तुटली नाही,”
आणि खाऊन टाकायचा.

पैसे दिले. दारात थांबल्या.
“ही कधी झिजेल?”
“रोज वापरलीत तर वीसेक वर्षं.”
“म्हणजे मला सपाटच.”

जुनी विसरल्या की ठेवून गेल्या, विचारलं नाही.
गल्ल्यापाशी असते.
खळग्यात मी सुट्टी नाणी टाकतो.