चौथी जागा

फतेगंजच्या लॅबमध्ये, काचेच्या बंद पोटात
लाल द्रावण: साखळ्यांची टोकं अजून जिवंत.
हवेचा एक घोट, की संपलं.

कुपी फोडली. सिलिकॉनच्या अणूला चार जागा.
दोन साखळ्या धावतच आल्या,
तिसरी अंग चोरून.
चौथीला दाराशीच आधीच्यांचा पसारा.

काच फुंकणारे जसुभाई डोकावतात,
"हजी लाल?"
हजी लाल.

शुक्रवार गेला. ढकलता येत नाही कुणाला;
जागा होईपर्यंत जिवंत राहायचं,
एवढंच चौथीचं काम.

रविवारी रंग उतरला. चांदणी जुळली असावी.
पण जरा गाजरी छटा उरलीच:
मीच मोजून जास्त घातलेल्या साखळ्या,
ज्यांना जागा नव्हतीच.

त्यांच्यासाठी मिथेनॉलचे दोन थेंब.
जसुभाई तोवर चहा सांगायला गेले होते.