घासाघीस

महिन्याचा दुसरा शनिवार. बाहेर उणे सत्तावीस.
डुलुथच्या चढावर, कांगसच्या गॅरेजात
रॉकेलचा हीटर पेटलाय. गाडी अंगणात, बर्फाखाली.
इथे गाडीला जागा नाही, कधीच नव्हती.

नियम असा: आणलेली वस्तू फडक्याखाली ठेवायची,
बघून झाल्यावर किंमत सांगायची,
मग घरी सांगितलेली किंमत.

वेंडेलनं फडकं काढलं. मायक्रोमीटर.
पेटीच्या झाकणात सुईनं कोरलेली तीन अक्षरं,
आता नसलेल्या कुणाची तरी.
‘अकरा डॉलर. बायकोला, चार.’
मी एक केस उपटून जबड्यात धरला:
इंचाचे तीन हजारांश.
वेंडेलच्या डोक्यावर मोजण्यासारखं काही उरलेलं नाही.

कांगसचा शेपर फडक्यात मावेना,
त्यानं वर चादर टाकली होती, फुलाफुलांची.
बंद पडलेल्या शाळेच्या तळघरातून
त्यानं तो सुटा करून आणला,
नातवाच्या घसरगाडीवरून, चौदा खेपांत.
पट्टा चढवला. जाताना संथ, येताना झपाझप,
बाजारहाट करणाऱ्या माणसाच्या अगदी उलट.
आम्ही गप्प उभे, कीस पडताना बघत.
बाकी लोक शब्दांचा पाडतात.

मी दिवसभर दातांच्या कवळ्या बनवते, या मंडळीत नवी.
माझ्या फडक्याखाली एक चकची किल्ली.
चक नाही. लेथ तर नाहीच.
कुणी हसलं नाही.
कांगस म्हणाला, ‘माझं एका नटापासून सुरू झालं.’

आर्विडच्या फडक्याखाली कागद निघाला.
पेन्सिलीनं लिहिलेली यादी:
नऊ इंची लेथ. सरफेस प्लेट, लाकडी झाकणासकट.
कानशी एकोणीस, मुठी घरी कातलेल्या.
समोर किंमती, इतक्या कमी
की वाचताना आपणच काही चोरतोय असं वाटावं.
कागद वाजत होता.
आम्ही ठरवलं, हीटरच्या वाऱ्यानं वाजतोय.

कॉफी ओतून झाली. साखर कुणालाच नको होती,
तरी डबा दोनदा फिरला.

मग वेंडेल खाकरला.
‘लेथचे चारशे? त्या अर्ध्या नटात दोन सूत खेळ आहे.’
आर्विडची मान वर आली.
‘खेळ? माझ्या लेथमध्ये?’
‘आणि बेड झिजलाय,’ कांगस म्हणाला, ‘चकपाशी, खोलगट.’
‘चौऱ्याहत्तर साली मी तो स्वतः स्क्रेप केलाय.
निळा लावून, अकरा रात्री, गुडघ्यांवर!
तुझ्या त्या शाळकरी शेपरला
बेड म्हणजे काय ते माहीत आहे का?’
‘मग चारशे कसे?’
‘सातशे!’
‘सातशे? गिअर गुरगुरतात.’
‘नऊशे! गुरगुरतात ते तेल न देणाऱ्यांवर!’

आमच्या भाषेत याला घासाघीस म्हणतात,
मी त्यांना सांगितलं नाही.
दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासायचे,
निळा डाग उठेल तो उंचवटा खरवडायचा,
पुन्हा घासायचे. आर्विडनंच मला शिकवलं होतं.
पण भाव वर चढवत नेणारी घासाघीस
मी बापजन्मात पाहिली नव्हती.

साडेबाराशेला गाडी अडली.
तेवढे पैसे कुणाकडेच नव्हते.
आर्विडनं यादीची घडी घातली, खिशात ठेवली,
‘पुढच्या महिन्यात बघू,’ असं म्हणाला,
आणि त्याचा आवाज चढा होता, रंगही.

निघताना त्यानं माझी किल्ली मागितली.
डोळ्यांजवळ नेली, मग हातात घेऊन नुसती दाबली,
टोकाच्या चारी कडांवरून अंगठा फिरवला.
‘माझ्या चकला अर्धा सूत जाड होईल.
घासून आण. थोडी थोडी.
घाई करू नकोस.’

त्या रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर
मी शेगावर लावला, किल्ली आवळली,
दोन हात मारले कानशीचे
आणि थांबले.
महिना मोठा होता.