यजमानाचा रकाना

बाल्खाश सरोवराच्या दक्षिणेला, साक्सौलच्या झुडपांखाली
जमिनीची चाळण झालेली.
उलबोसिन गुडघ्यांवर बसते,
रबरी नळीच्या टोकाला फ्लॅनेल गुंडाळते,
ते आधी काखेत धरते थोडा वेळ,
थंड कापडाला कोण फसेल?
मग नळी बिळात, हातभर,
वळणावरून आणखी हातभर.

ओढून काढते तेव्हा कापडावर
तेल नाही, आच नाही, तरी मोहरी तडतडते.

चिमट्याने एकेक शिशीत.
वहीत तारीख, बीळ,
आणि तिसरा रकाना : यजमान.
त्यात ती झुपकेदार शेपटीच्या वाळू-उंदराचं नाव लिहिते,
गेली एकवीस वर्षं तेच.

पण पिसू त्याची ती किती?
पानासारखी उभी चपटी, केसांच्या रानातून
कुठे न अडखळता जाते, हे खरं.
पोट भरलं की उतरतेही.
अंडी त्याच्या अंगावरून भुशात गळतात,
आंधळ्या अळ्या वाढतात
मोठ्यांनी टाकलेल्या वाळक्या रक्ताच्या कणांवर,
आणि कोष बसून राहतो
गच्च, मुका,
वर पाऊल वाजेपर्यंत.
तिचा जीव अंगापेक्षा घरात जास्त.

सेइलखान जीपला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलतो :
"मला नाही चावत त्या. माझं रक्त डिझेल."
त्याची मान लाल चकंदळांनी भरलीय.

अक्तोस प्रत्येक बिळात नाक घालतो, शिंकतो,
संध्याकाळी पाट्यासारखा आडवा पडतो.
उलबोसिन पाण्याच्या परातीवर त्याला विंचरते.
पाच सापडल्या.
भिंगाखाली गालांवरचे काटे मोजले :
तीन त्याच्या स्वतःच्या,
एक बिळातली,
आणि एक खोकडाची.

म्हणजे खोकड येऊन गेलं.
मेंढ्यांच्या गोठ्यात, अक्तोसच्याच पेंढ्यावर
झोपलंसुद्धा असेल.
कुत्रा भुंकला नव्हता.
ती त्याच्याकडे पाहते.
तो दुसरीकडे बघतो.

एप्रिलपासून हिवाळी घर बंद होतं.
केनेस उंट घेऊन उत्तरेला गेला,
मग नुसती उंटंच आली, शेजाऱ्याच्या मुलाबरोबर.
ऑक्टोबरात तिने कुलूप काढलं,
एक पाऊल टाकलं फळीवर.

घोट्यांवर एकदम ठिणग्या.
सहा महिने त्या इथेच होत्या तर,
सतरंजीच्या वाळलेल्या धुळीत,
कुणीतरी येईल म्हणून.

झटकल्या नाहीत तिने लगेच.
बोट ओलं केलं, एक उचलली, शिशीत टाकली.
तारीख लिहिली. बिळाच्या जागी : घर.
यजमान –
इथे पेन थांबलं,
शाई कागदात थोडी पसरली.

बाहेर सेइलखानने दोनदा हॉर्न वाजवला.
तिने आपलं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट,
आणि वाकून
घोटा खाजवत राहिली.