नटीचा खापरपणजा

रविवारी रात्री नऊला
यावलमध्ये उष्टी ताटं तशीच पडून राहतात.
ती नटी पांढरे हातमोजे घालून
कुठल्यातरी जहाजाचं जुनं रजिस्टर उघडते,
एका ओळीवर थबकते, डोळे भरून येतात,
आणि केसांच्या तेलाची जाहिरात लागते.

मी केबलवाला. महिन्याचे अडीचशे मागत दारोदार जातो,
म्हणून मला माहीत, कोण कुठं रडलं.

नथू फेगडे रडला नाही.
"त्यात काय इतकं? आमचा भाट येतो पाच वर्सानं,
वही सोडतो, चौदा पिढ्या धडाधडा वाचतो,
पुरणपोळी खातो, धोतरजोडी न् अकराशे घेऊन जातो.
हिले तर इमानानं जा लागलं!"
आतून त्याच्या सुनेनं, पुष्पलतानं, आवाज वाढवला.
मागच्या खेपेला तिनं भाटाला विचारलं होतं,
मी कोणत्या पानावर?
तो हसला म्हणे. पोरगा होऊ द्या, तो चढेल पानावर.
तिला दोन पोरी. रिमोट तिच्याकडेच असतो.

केळी पिकवायच्या कोल्डरूमबाहेर
हमाल मोबाइलवर बघतात, एका मोबाइलवर सहा डोकी
(माझ्या पोटावर पाय, पण जाऊ द्या).
"तिचा खापरपणजा जेलात गेला व्हता, म्हणून रडली."
"आपला आजा बी गेला व्हता."
"तो कोंबड्या चोरून."
"पण रजिस्टरात नाव तर आसीन ना, भो?"
यावर मात्र कोणी हसलं नाही.

रुबाब तडवीच्या जुलेखाजवळ स्वतःची फाइल आहे.
नर्सिंगला जायचं, पडताळणी पाहिजे,
पन्नासच्या आधीचा आज्याचा कागद पाहिजे.
आजा सातपुड्यात बकऱ्या चारायचा.
बकऱ्या दाखला देत नाहीत, ती म्हणते.
चुलतआज्याचं नाव सापडलं एका शाळेत,
वाळवीनं पुढचं खाल्लेलं, उरलं नुसतं 'मान'.
साहेब म्हणाला, अर्ध्या माणसावर कसं देणार?
ती कार्यक्रम उभ्यानंच बघते, दाराला टेकून.
"भाऊ, तुमच्या ध्यानात आलं का?
एवढ्या हापिसात फिरली ती,
तिले एकानंही म्हटलं नाही, मंगळवारी या."

माझ्या बापाचं नाव सुपडू, आज्याचं उखर्डू.
त्याच्या मागे मला काही ठाऊक नाही.
पण खानदेशात ही नावं कोणी हौसेनं ठेवत नाही.
बापाला जन्मल्याबरोबर सुपात घातलं,
आज्याला उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणलं,
मरणाला वाटावं, टाकाऊच आहे, कशाला न्यायचं.
म्हणजे दोघांच्याही आधी कोणी कोणी होऊन गेलं असणार.
बाराव्या दिवसापर्यंतही न पोचलेलं.
त्यांचं रजिस्टर आमची नावंच.

शेवटचा भाग मी पाहिला नाही.
सोमवारी चौघांनी चार शेवट सांगितले.
नथू म्हणाला, राजघराण्यातली निघाली. हमाल म्हणाले, सुताराची.
जुलेखा म्हणाली, मी झोपले होते. खोटं बोलली.
पुष्पलतानं अडीचशे मोजून दिले,
वर हळूच म्हणाली,
"बायकोचं नाव नव्हतं. 'सोबत बाई एक' असं लिहेल व्हतं."

मी तेव्हा फेगड्यांच्या गच्चीवर होतो.
नऊ चाळीसला वावधन सुटलं, चित्र गेलं,
फोनवर फोन, शिव्यांवर शिव्या.
बघतो तर जोड निखळलेला, नवा पिन घरी राहिलेला.
वायर चिमटीत धरली तसं खालून ओरडले, आलं!
सोडली की, गेलं!
मग धरूनच उभा राहिलो,
डोळ्यांत धूळ, मळ्यांकडून केळीची पानं फाटल्याचा आवाज,
चिमटीत बारीक मुंग्या.
खाली ती पान उलटत असणार.
हात भरून आला, जरा बदलायला गेलो
तर तीन घरांतून एकदम ओरडले,
हलू नको,
नाव दिसून राह्यलं.