पोस्टाने आलेलं घुबड

सोमवारी टपाल जास्त असतं.
शनिवार-रविवार लोक गाड्या काढतात
आणि रस्त्याच्या कडेला त्यांना पंख दिसतात.

बुटांच्या खोक्यात एक खरूची,
आईस्क्रीमच्या डब्यात चिमणमार ससाणा,
आणि ट्रेगॅरॉनहून, ब्रेडच्या पिशवीत दोनदा गुंडाळलेलं,
गव्हाणी घुबड.
सोबत चिठ्ठी. पेन्सिलीची, सावकाश अक्षर:
"सहा हिवाळे माझ्या कोठारात राहिली ही.
दूधवाल्याला वळणावर सापडली.
कशाने गेली तेवढं कळवा.
मायरिग, पेन-लान."

नेस्टा वजन करते, मी लिहिते.
दोनशे चाळीस ग्रॅम. छातीचं हाड बोटाला टोचतं.
उजवा पंख मोडलेला. चरबी: नाही.
मग कात्री.
फॉर्मवर यकृत लिहायचं असतं,
बोलताना काळीज.
सहा ग्रॅम. एवढंसं.

तीन आठवड्यांनी यंत्र आकडा देतं:
उंदरांच्या औषधाचा अंश आहे.
(विषाला औषध कुणी म्हणायला लावलं, कोण जाणे.)
अंश आहे. असणारच. पण
हा पण फॉर्मवर मावत नाही.

उपाशी पाखराचं काळीज आक्रसतं.
विष होतं तेवढंच राहतं, आकडा फुगतो.
मग मी मोजलं काय, विष की भूक?
गाडीने उडवलं म्हणून गेली,
की आधीच गुंगलेली होती म्हणून
गाडी चुकवता आली नाही?
आणि आलं कुणाच्या उंदरातून?
चार शेतं, एक शाळा, पबमागची पडवी,
एवढं तिचं रात्रीचं राज्य.
साक्षीदार ती एकटी,
आणि तिची जबानी सहा ग्रॅमची.

नेस्टा हातमोजे काढत म्हणते,
आपल्याकडे येतात ती रस्त्यावरची.
नेच्यांच्या दाटीत शिरून मरतात, ती कोण पाठवणार?
शिकारीच्या रानाचे राखणदार
रात्रीतून पुरून टाकतात, ती?
आपण आख्ख्या देशाचा नकाशा रंगवायला बसतो
आणि रंग लागतो डांबराच्या कडेकडेने.

शीतपेटीत काळजं शेकड्यांनी आहेत,
नंबर लावलेली, कुपीत बसलेली.
ताडून बघायला निर्मळ असं एकही नाही.
कुठे असलंच तसं घुबड, तर ते जिवंत असेल,
आणि जिवंत पाखरं पोस्टाने येत नाहीत.

मायरिगला उत्तर लिहायला मला चार दिवस लागले.
छापील कागद, त्यावर त्याचं नाव,
मृत्यूचं कारण: अनिश्चित.
खाली दोन बोटं जागा उरली होती.
तिथे मी लिहिलं, की पिसं फार सुरेख होती तिची,
उचलली तेव्हा टेबलावर पिठासारखी धूळ पडली
आणि दुपारपर्यंत आम्ही ती पुसली नाही.
नेस्टाने वाचलं. काही बोलली नाही. पाकीट चिकटवलं.

मार्चमध्ये पुन्हा पार्सल.
तीच ब्रेडची पिशवी, तीच पेन्सिल.
पाखरू नव्हतं.
आत निळ्या दाण्यांची अर्धी थैली होती,
तोंड सुतळीने आवळलेलं, गाठीवर गाठ.
"माझ्याच कोठारातली. शिडीमागे ठेवलेली.
इतके दिवस त्या वळणाला शिव्या देत होतो.
मोजायची तर मोजा.
परत पाठवू नका."

नेस्टाने तराजू पुसला. मी नवा फॉर्म घेतला.
प्रजाती: रेघ.
लिंग, वय: रेघ.
कुठे सापडलं: इथे मात्र
पहिल्यांदाच नेमका पत्ता होता.
कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं,
मग ते तसंच कोरं ठेवून पुढे गेले.
वजन आठशे साठ ग्रॅम,
सुतळी धरून.