पारडं

उत्तरेश्वरातलं दुकान बंद केलं तेव्हा
तराजूचं एक पारडं परसात पेरूला टांगलं.
दुसरं कुठं गेलं, देव जाणे.

चैत्रात बुलबुल येतात ते पाण्यासाठीच.
कणीकडं ढुंकून बघत नाहीत.
आषाढात पारडं पत्र्याखालच्या कडीला.
तिथं सातभाई. मोजले तर सहाच,
सातवा उधारी बुडवून गेला की काय.

महापुराच्या साली नऊ दिवस शाळेत काढले.
परत आलो तर भिंतीवर गळ्याएवढी चिखलाची रेघ,
आणि पारडं कडीला, जागच्या जागी,
गाळानं काठोकाठ.
शालन म्हणाली, आधी चूल बघा.
मी आधी पारडं धुतलं.

वडणग्याकडनं गुऱ्हाळाचा वास आला
की समजायचं, परीट आलाच.
दाण्याला शिवत नाही. शेपूट हलवत
मोरीच्या कडेनं हिंडतो,
नुसता भाव विचारून जाणाऱ्या गिऱ्हाइकासारखा.

चाळीस वर्षं काट्यावर डोळा ठेवून माल दिला.
आता साळुंकी काठावर बसते, पारडं कलतं,
निम्मी कणी खाली.
खाली चिमण्या.
मी बघतो, आणि
वर अजून एक मूठ टाकतो.